प्रवरेच्या उगमाकडे : भंडारदरा, रतनवाडी व रतनगडाची वनवाट



प्रवरामाईच्या काठी दर्शनास येणारे अनेक भाविक स्नान आटोपून कार्यालयात येतात आणि हमखास विचारतात, "ही नदी येते कुठून? तिथवर जाता येईल का?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्यासाठी या पुस्तिकेत हा लेख समाविष्ट केला आहे. नदीच्या उगमापर्यंतचा प्रवास हा सरोवराच्या काठाने, अरण्यातून आणि शेवटी शिड्यांच्या आधाराने गडावर नेणारा आहे. तो रम्य आहे, त्याचबरोबर सावधपणाची अपेक्षा करणाराही आहे. म्हणून वर्णनासोबत माहिती व सूचनाही दिल्या आहेत. निघण्यापूर्वी त्या घरातील सर्वांनी वाचाव्यात, ही विनंती.

अमृतवाहिनीचा परिचय

प्रवरा ही गोदावरीची उपनदी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत, अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात तिचा उगम होतो. तेथून भंडारदरा, रंधा, अकोले, संगमनेर, नेवासे असा सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास करून ती प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येणारी मुळा नदी तिला वाटेत येऊन भेटते.

या नदीस 'अमृतवाहिनी' असेही नाव आहे. लोककथा अशी की, समुद्रमंथनानंतर अमृताचे वाटप करण्यासाठी भगवान विष्णूंनी मोहिनीरूप धारण केले, ते याच प्रवराकाठी. नेवासे येथील मोहिनीराजाचे मंदिर त्या कथेची आठवण देते. देवांच्या पंक्तीत लपून बसलेल्या राहूचा शिरच्छेद झाला, आणि राहुरी हे नाव त्यावरून पडले, असेही या भागातील जुनी मंडळी सांगतात. दुसऱ्या कथेनुसार अगस्ती ऋषींनी या खोऱ्यात तप केले आणि त्यांच्या तपाने प्रसन्न होऊन देवांनी गंगेचा एक प्रवाह येथे सोडला. अकोल्याजवळ प्रवराकाठी अगस्तींचे स्थान आजही श्रद्धेने पूजिले जाते. याच नदीच्या काठी नेवासे येथे शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये श्रीज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील आपले भाष्य सांगितले.

ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो, ते आधी एका अरण्यात झिरपलेले असते, हे ध्यानात ठेवून पुढील वाट चालावी.

पावसाचे गणित

सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटघर व रतनवाडीच्या परिसरात, एका पावसाळ्यात साधारण चार ते पाच हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षभरात सुमारे पाच-सहाशे मिलीमीटरवर समाधान मानावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्याची (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) निम्मी कहाणी या दोन आकड्यांत सामावलेली आहे. पश्चिमेच्या एका कोपऱ्यात पडणाऱ्या पावसावर पूर्वेकडील ऊस, कांदा, गहू आणि गावांचे पिण्याचे पाणी अवलंबून असते.

हे पाणी अडविण्यासाठी भंडारदरा येथे ब्रिटिश अमदानीत धरण बांधण्यात आले. १९१० साली काम सुरू झाले व १९२६ साली ते पूर्ण झाले. तत्कालीन मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण, तर जलाशयास आर्थर लेक असे संबोधण्यात येऊ लागले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत असून धरणाची साठवणक्षमता ११ अब्ज घनफुटांच्या आसपास आहे. या जलाशयाच्या तळाशी नदीचे जुने पात्र निद्रिस्त आहे. धरण भरले की पाण्याची शेवटची जीभ थेट रतनवाडीच्या शिवारापर्यंत पोहोचते. उगमापासून काही अंतर चालताच प्रवरा सरोवर होते, असे हे स्थान आहे.

कसे जावे

मुंबई व नाशिककडून येणाऱ्यांनी इगतपुरीजवळच्या घोटी येथे महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडी गाठावे. बारी हे कळसूबाई शिखराच्या पायथ्याचे गाव. महाराष्ट्रातील ते सर्वोच्च शिखर (१६४६ मीटर) वाटेतच दृष्टीस पडते. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने शेंडीस यावे. शेंडी हे धरणाच्या भिंतीलगतचे गाव असून निवास व भोजनाची सोय येथे होते.

शेंडीपासून जलाशयाच्या काठाने, कोलटेंभे गावावरून, रतनवाडीचा रस्ता आहे. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे. जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता घाटघर व साम्रद या गावांवरूनही रतनवाडीस येतो. मात्र तो लांबचा आहे. एस.टी.ने येणाऱ्यांनी पुढील वाहनाची व्यवस्था आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. सायंकाळनंतर या रस्त्यावर वाहन मिळेल या भरवशावर राहू नये.

सरोवराच्या काठाने

शेंडी ते रतनवाडी हा प्रवास वाहनाने होत असला तरी वाटेत थोडे अंतर पायी चालावे, असे आम्ही आवर्जून सुचवितो. एका बाजूस निळेशार पाणी, दुसऱ्या बाजूस भातखाचरे आणि समोर हळूहळू उंचावत जाणारा रतनगड असा हा देखावा आहे. गडाच्या शेजारी अंगठ्यासारखा उभा असलेला सुळका म्हणजे 'खुट्टा'. तो एकदा ओळखता आला की रतनगड कोठूनही ओळखता येतो.

पावसाळ्यात या रस्त्यावर जागोजागी धबधबे कोसळतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार झाकून जातात, सोबत तेरड्याची गुलाबी छटा असते. मे महिन्याच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत या परिसरातील झाडांवर काजव्यांचा लखलखाट होतो. तो पाहण्यासाठी अलीकडच्या वर्षांत फार मोठी गर्दी होऊ लागली आहे. काजव्यांचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांना ओळख देणारी खूण असते. वाहनांचे दिवे, विजेऱ्या आणि छायाचित्रांचा झगमगाट यांमुळे ती खूण हरवते व त्यांची पुढील पिढीच धोक्यात येते. काजवे पाहावयाचे तर वनखात्याच्या नियमांप्रमाणे, दिवे बंद करून व ठरलेल्या वाटेवरून पाहावेत.

जलाशयात पोहण्याचा मोह कोणीही करू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली एकाएकी खोल होणारे उतार व गाळ आहे. नौकाविहार करावयाचा असल्यास जीवरक्षक जाकीट मिळाल्याखेरीज होडीत पाऊल ठेवू नये. स्नान हे पुण्यकर्म खरे, परंतु ते उथळ व परिचित घाटावर करावे. अनोळखी डोहात उतरणे हे भक्तीचे लक्षण नव्हे.

श्रीअमृतेश्वराचे दर्शन

रतनवाडी गावात प्रवेश करताच श्रीअमृतेश्वराचे प्राचीन शिवालय दिसते. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमाशी बारा शिवालये उभारली व अमृतेश्वर हे त्यांपैकी एक, अशी परंपरा आहे. बोलीभाषेत यास हेमाडपंती म्हणतात. तथापि ज्यांच्या नावावरून हा शब्द रूढ झाला ते यादवांचे मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातील होत आणि शिलाहार परंपरा त्याहून जुनी आहे, हे जिज्ञासूंनी लक्षात घ्यावे.

शिखरावरील लहान लहान शिखरप्रतिकृतींच्या उभ्या ओळी, स्तंभांवरील कोरीव काम व छतावरील नक्षी शांतपणे पाहावी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढते आणि पिंडी जलमय होते. निसर्गानेच घातलेला हा अभिषेक होय. मंदिराच्या जवळच पायऱ्यांची देखणी पुष्करणी असून तिच्या भिंतींत देवकोष्ठे कोरलेली आहेत.

हे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. दगडांवर तेल, शेंदूर अथवा रंग लावू नये, नावे कोरू नयेत, मूर्तींवर चढून छायाचित्रे काढू नयेत. पुष्करणीत निर्माल्य, नाणी वा तेलाचे दिवे सोडू नयेत. एक बेलपान आणि एक नमस्कार महादेवास पुरेसा असतो.

अरण्यातील वाट

मंदिरापासून गडाकडे जाणारी पायवाट आरंभी प्रवरेच्या ओढ्याच्या सोबतीने जाते व तो ओढा काही ठिकाणी ओलांडावा लागतो. हिवाळ्यात दगडांवरून सहज पार होणारे हे पाणी पावसाळ्यात कमरेइतके चढू शकते. माथ्यावर सर पडली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ दिसू लागले, त्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला की वर पाऊस झाला असे समजावे व पलीकडे जाण्याचा विचार सोडून द्यावा. पलीकडे अडकलेल्यांनी पाणी उतरेपर्यंत थांबावे. दोन तासांचा खोळंबा सहन होतो, एका क्षणाच्या घाईची भरपाई मात्र कशानेही होत नाही.

पुढे वाट दाट रानात शिरते. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, उंबर अशी झाडे व त्यांखाली कारवीचे रान. कारवी साधारण सात वर्षांतून एकदाच फुलते आणि त्या वर्षी अवघा डोंगर जांभळा होतो. फुले येऊन बी पडले की ते झुडूप मरते. म्हणून बहराच्या वर्षी एक फांदी तोडणे म्हणजे सात वर्षांची वाट पाहणे वाया घालविणे होय. हिरड्याचे महत्त्व तर येथील महादेव कोळी बांधवांना विचारावे. कोवळा बाळहिरडा वेचून, वाळवून विकणे हे त्यांच्या उपजीविकेचे एक साधन आहे. झाडाखाली पडलेले फळ आपल्या दृष्टीने रानमेवा असेल, परंतु कोणाच्या तरी घरी त्याने मीठमिरची येते. करवंदे-जांभळे जरूर चाखावीत, पिशव्या भरून नेऊ नयेत.

हा सर्व प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. येथे विस्तव पेटविणे, ध्वनिक्षेपक लावणे वा वन्य प्राण्यांना त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे. कडेकपारीत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तरे व आरडाओरडा यांनी माश्या चवताळतात, हेही विसरू नये.

रानात एके ठिकाणी वाटेला फाटे फुटतात. एक वाट शिड्यांमार्गे रतनगडावर जाते, तर दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघते. ही दुसरी वाट लांब पल्ल्याची आहे. चुकून तिला लागलेल्या मंडळींवर रात्र रानात काढण्याची पाळी येऊ शकते. यासाठी रतनवाडीतूनच गावातील माहीतगार वाटाड्या सोबत घ्यावा. त्याचा मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा आणि परतल्यावर घासाघीस न करता द्यावा.

शिड्या, दरवाजे व नेढे

रतनगडाची उंची समुद्रसपाटीपासून १२९७ मीटर आहे. गावापासून माथ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण असून सामान्य प्रकृतीच्या व्यक्तीस तीन ते चार तास लागतात. रान संपताच कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात. या ठिकाणी शिस्त सर्वाधिक आवश्यक आहे. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे. पुढचा माणूस वर पोहोचून बाजूस सरल्याशिवाय मागच्याने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवू नये. उतरणाऱ्यास प्रथम वाट द्यावी. हात मोकळे असावेत, भ्रमणध्वनी खिशात असावा. उतरताना तोंड कड्याकडे ठेवावे. माकडे खाद्यपदार्थांच्या पिशव्यांवर झडप घालतात, त्यामुळे शिडीवर असताना हातात पिशवी नसावी.

शिड्या संपल्यावर गणेश दरवाजा लागतो. पुढे गुहा असून तेथे गडाची देवता रत्नाबाई हिचे स्थान आहे. हनुमान दरवाजा, राणीचा हुडा हा बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, कोकण दरवाजा व त्र्यंबक दरवाजा ही गडावरील अन्य पाहण्याजोगी ठिकाणे. त्र्यंबक दरवाजाची वाट साम्रद गावाकडे उतरते.

गडाचा सर्वोच्च भाग म्हणजे 'नेढे'. सुईला असते तसे हे कातळातील आरपार भोक आहे. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. त्यातील मऊ भाग वारा-पावसाने झिजून गेला व कठीण भाग कमानीसारखा उरला. नेढ्यातून एका बाजूस भंडारदऱ्याचा जलाशय व कळसूबाईची रांग, अलंग, मदन व कुलंग हे गड, तर दुसऱ्या बाजूस कोकणात कोसळणारे कडे दिसतात. येथे वारा अतिशय जोराचा असतो. कडेला उभे राहू नये, मुलांचा हात सोडू नये.

या ठिकाणी एक गोष्ट मुलांना अवश्य समजावून सांगावी. ही डोंगररांग पाणी वाटून देते. पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत आणि अवघे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळतो. पश्चिमेच्या कड्यावरून ओघळलेला थेंब कोकणात उतरून लवकरच अरबी समुद्रास मिळतो. थोड्याशा अंतराने थेंबाचे भाग्य बदलते. नदीचा उगम म्हणजे एखादे गोमुख वा कुंडच असते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हे सारे ओले रान, त्यातील माती, मुळे व पाचोळा मिळून उगम होतो. पावसाळ्यात झेललेले पाणी ते रान नंतरच्या महिन्यांत थोडे थोडे सोडते. झाडे गेली तर पाणी एका झपाट्यात वाहून जाईल आणि प्रवरा पावसाळ्यापुरती उरेल.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. उत्तम काळ सप्टेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. जोराच्या पावसात गडावर जाऊ नये. अशा वेळी अमृतेश्वराचे दर्शन घेऊन परतावे.

२. सकाळी सातच्या सुमारास चढण्यास आरंभ करावा. दुपारी दोननंतर माथ्यावर थांबू नये, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी गाव गाठता येते.

३. प्रत्येकी तीन लिटर पाणी, शिदोरी, विजेरी, प्रथमोपचाराचे साहित्य व नेहमीची औषधे बाळगावीत. टाक्यातील पाणी उकळल्याशिवाय वा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.

४. तळव्यांना खाच असलेले बूट वापरावेत. अनवाणी चढण्याचा नवस असल्यास तो अमृतेश्वराच्या प्रांगणात प्रदक्षिणा घालून फेडावा.

५. हृदयविकार, दमा, गुडघेदुखी असणाऱ्यांनी व गर्भवती भगिनींनी मंदिर व सरोवर एवढीच यात्रा करावी. त्यांच्या पुण्यात काही उणे पडत नाही.

६. सर्पदंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. रुग्णास धीर देऊन, न चालविता, उचलून त्वरित रुग्णालयात न्यावे.

७. डोंगरात भ्रमणध्वनीची यंत्रणा सर्वत्र चालत नाही. आपण कोठे जात आहोत व केव्हा परतणार हे गावात सांगून निघावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

८. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदा वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. जे वर नेले ते सर्व खाली आणावे. उगमापाशी टाकलेली बाटली पहिल्या पुरात सरोवरात जाते आणि त्याच सरोवराचे पाणी खालच्या गावांच्या घागरीत येते.

देणगीदारांस निवेदन

उगमस्थानी काही तरी उभारावे, अशी इच्छा अनेक दानशूर मंडळी व्यक्त करतात. कोणी सभामंडप बांधून देऊ म्हणतात, कोणी फरशी, कोणी कमान. त्यांच्या भावनेचा आदर राखून वस्तुस्थिती सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यान्वये व त्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे व त्यापुढील २०० मीटरच्या क्षेत्रात पूर्वपरवानगी आवश्यक आहे. अरण्यात अभयारण्याचे नियम लागू आहेत. तेव्हा तेथे संगमरवरी पाटी लावण्यास वाव नाही, आणि नसावा हेच योग्य.

मग दान करावयाचे कसे? याचे उत्तर सोपे आहे. रतनवाडीत एक वेळ जेवावे. नाचणीची भाकरी, पिठले वा आमटीभात जे मिळेल ते घरचे अन्न समजून घ्यावे व योग्य मोल द्यावे. गावातील वाटाड्या घ्यावा. तेथील महिलांनी विकावयास ठेवलेला तांदूळ वा रानमेवा घ्यावा. गावातील शाळेच्या शिक्षकांना विचारून मुलांना जे हवे ते द्यावे, आपणांस द्यावेसे वाटते ते नव्हे. ज्या कुटुंबांची उपजीविका जिवंत रानावर चालते, ती त्या रानाची राखण करतात. त्यांच्या हाती पडलेला रुपया अप्रत्यक्षपणे नदीसच पोहोचतो. अशा दानाची पावती फाटत नाही व नाव कोठे कोरले जात नाही. तथापि उन्हाळ्यात खालच्या घाटावर पाणी वाहते असेल, तर त्यात अशा दात्यांचाही वाटा असेल.

आपल्या परंपरेत तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची, पार होण्याची जागा असा आहे. जेथून आपण पार झालो ती जागा मागून येणाऱ्यासाठी तशीच सोडावयाची असते. भाविकांनी ही वाट या भावनेने चालावी, सुखरूप जावे, सुखरूप परतावे आणि परतीच्या मार्गावर पुन्हा दर्शनास अवश्य यावे.

श्रीअमृतेश्वर व प्रवरामाई आपणां सर्वांचे कल्याण करोत.

— सचिव, विश्वस्त कार्यालय